सामाईक मोटारीच्या धक्क्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न. श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. आणि ज्या देवतेच्या कृपेने धक्क्यावाचून इंजिन लागते ती देवता कोणती, हे या दौलतीत कोणास ठाऊक नाही, तरी तीही प्रसन्न असो. शके एकोणीसशे चवेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी एका गावी (गावाचे नाव लिहू नये ऐसे दोन्ही घरांतून निरनिराळे बजावणे आले, सबब लिहिले नाही) टेकडीच्या उतारावर एक दौलत होती आणि त्या दौलतीचे दोन तुकडे जाहले होते आणि मध्ये भिंत होती. भिंतीच्या वरल्या अंगास श्रीमंत भार्गवराव थोरले आणि खालल्या अंगास श्रीमंत त्र्यंबकराव धाकटे, सख्खे बंधू, एका ताटात जेवलेले. उभयतांत अबोला. अबोला कशावरून, तर फणसाच्या एका झाडावरून; झाड पुढे वादळात पडले, भांडण उभेच राहिले. भार्गवराव साठीच्या पुढचे, शरीर स्थूल, मन साफ, बुद्धी बरी परंतु सावकाश पोहोचणारी. सदरहू हकिकत बहुतेक त्यांच्याच डोळ्यांनी पाहिलेली आहे, त्यामुळे वाचणाराचा जागोजागी गोंधळ उडेल, त्यास आमचा इलाज नाही.

तर वाटणीचे समयी पंच बसले आणि जमीन वाटली आणि भांडी वाटली आणि पाटावरवंटासुद्धा वाटला, म्हणजे पाटा एकीकडे आणि वरवंटा दुसरीकडे गेला, आणि मग पंच मोटारीपाशी येऊन अडले. मोटार कैलासवासी आबासाहेबांनी नवीकोरी आणलेली, रंग दुधी, नाक लांब, दिवे वाटोळे, नाव श्वेतांबरी. एक पंच पान थुंकून म्हणाले, "विकून टाका आणि मोकळे व्हा." हे ऐकताच ज्या दोघांनी सकाळपासून एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते ते दोघे एकदम ओरडले, "गाडी विकायची नाही!" आणि एकदम ओरडलो याची दोघांस शरम वाटली आणि दोघे पुन्हा गप्प बसले. मग ठरले ऐसे की मोटार सामाईक. भिंतीच्या तोंडाशी पत्र्याची पागा, तीस दोन्ही अंगांनी दरवाजे. दर रविवारी स्वारी निघावी आणि एका रविवारी थोरल्यांनी हाकावी, दुसऱ्या रविवारी धाकट्यांनी. आणि त्याच साली मोटारीचा सेल्फ लागेनासा जाहला. किल्ली फिरवावी तर नुसते टक् म्हणावे आणि स्वस्थ बसावे. पागेपुढे थोडी सपाटी आणि मग उतार, त्यामुळे एकाने आत बसावे आणि एकाने मागून लोटावे, ऐसा बंदोबस्त आपोआप बसला. आतल्याने म्हणावे, "मार!" मागल्याने जोर लावावा आणि उतार लागताच ओरडावे, "सोड!" मग आतल्याने क्लच सोडावा आणि मोटारीने आचका खावा आणि काळा धूर ओकावा आणि सुटावे. एकदा सुटली की थांबवण्याची सोय नाही, थांबली तर बंद पडेल. म्हणोन आतला निघून जाई आणि मागला धुरात खोकत उभा राही. कित्येक वर्षे दोघा भावांत या दोन शब्दांखेरीज तिसरा शब्द जाहला नाही.

मोटारीची निगा म्हणाल तर ऐसी निगा पृथ्वीवर कोणत्या मोटारीची जाहली नसेल, आणि ऐसे हालही जाहले नसतील. आबासाहेब ज्या रीतीने करीत त्याच रीतीने करावयाचे, यावर दोघांचे एकमत. रीत कोणती, यावर दोन मते. उजवे अंग थोरल्यांकडे, डावे धाकट्यांकडे. थोरले उजव्या अंगास मेणाचे पॉलिश लावून पिवळ्या फडक्याने घाशीत, धाकटे डाव्या अंगास खोबरेल चोळीत, त्यामुळे समोरून पाहणारास दोन मोटारी एकमेकींस चिकटल्यासारख्या दिसत. थोरल्यांनी रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालावे, तर धाकट्यांनी ते काढून उकळून गाळलेले घालावे. थोरल्यांनी टायरांत हवा टम्म भरावी, तर पुढल्या शनिवारी फुस्स करून कोणी कमी केलेली असावी. कार्बुरेटरचा स्क्रू एकाने डावीकडे पिळावा, दुसऱ्याने उजवीकडे. प्लग मात्र दोघेही पॉलिश कागदाने घासीत आणि एकाचे घासून होताच दुसऱ्याचे सुरू होई, सबब प्लग झिजून झिजून सुपारीएवढे जाहले. भार्गवरावांस मनातून पक्के वाटे की आपण मोटार जगवीत आहो आणि त्र्यंबू ती मारीत आहे. पलीकडे त्र्यंबकरावांस काय वाटे ते विचारण्याची सोय नव्हती, परंतु वेगळे काय वाटणार!

ऐसे चालले असता सरकारचा हुकूम आला की ज्या मोटारींची वये जाहली त्यांनी वाहन-कचेरीत हजर होऊन आपण हयात असल्याचे दाखवावे, न दाखवतील त्यांनी भंगारात जावे. थोरल्यांचे चिरंजीव निरंजनराव, स्वभावाने चोख, बोलण्यात तुटक, ते चौकशी करोन आले आणि म्हणाले, "बाबा, सोमवारची तारीख मिळालीय. आणि तिथे गाडी किल्लीनंच चालू झाली पाहिजे. धक्का मारून चालणार नाही. साहेब समोर उभे राहतात."

"धक्का मारायला त्र्यंबू येईल की तिथे," भार्गवराव म्हणाले.

"काका कचेरीत येऊन धक्का मारणार? आणि साहेब बघत बसणार? बाबा, काहीतरी काय बोलता! सेल्फ दुरुस्त नाही झाला तर गाडी गेली समजा."

हे ऐकून भार्गवरावांचे अन्न गेले. मोटार गेली तर रविवारी उठून करावयाचे काय, आणि पागा रिकामी पाहावयाची कशी, आणि भिंतीपलीकडला माणूस जिवंत आहे की नाही हे तरी कशावरून समजावयाचे, ऐसे नाना विचार आले, परंतु यांतला कोणता मुख्य हे त्यांस वेगळे काढता येईना. मग त्यांनी गावातील नामांकित मेस्त्री बादशहा मुलाणी यांस पाचारण केले. उस्ताद आले आणि मोटारीखाली शिरले आणि बराच वेळ त्यांचे केवळ पाय दिसत होते आणि मग बाहेर येऊन त्यांनी किल्ली फिरविली तो काय आश्चर्य, श्वेतांबरी पहिल्या फटक्यास लागली! भार्गवरावांचे डोळे भरले. वाटणीपासून जी मोटार धक्क्यावाचून हलली नव्हती ती जागच्या जागी हुंकार देऊ लागली आणि पत्रे थरथरले आणि भिंतीपलीकडे कोणाच्या हातून भांडे पडल्याचा आवाज आला.

दुसरे दिवशी पुन्हा टक्. पुन्हा उस्ताद, पुन्हा पाय, पुन्हा पहिल्या फटक्यास चालू; आणि तिसरे दिवशी पुन्हा टक्. तेव्हा उस्तादांचे डोके फिरले. त्यांनी थोरल्यांस हातास धरून बॉनेटपाशी नेले आणि बोट दाखवून म्हणाले, "मालक, माझ्या कामावर बोट ठेवू नका. ही सेल्फची वायर. काल मी नट आवळून गेलो. आता बघा, लोंबतीय."

"उंदरांनी..." भार्गवराव म्हणू लागले.

"उंदीर कुरतडतंय मालक. पान्यानं नट खोलून, वायशर सकट नीट बाजूला ठेवत नाही."

वायशर, म्हणजे नटाखालची चकती, खरोखरीच बॅटरीच्या डोक्यावर व्यवस्थित ठेविलेले होते. ते पाहोन भार्गवरावांच्या डोक्यात प्रकाश पडला, म्हणजे त्यांस तसे वाटले. फितूर! दौलतीत फितूर! आणि फितूर करणारा दुसरा कोण असणार? त्र्यंबूच. मोटार आपल्या हाती राहू नये, भंगारात गेली तरी बेहत्तर, ऐसा त्याचा डाव. आणि हा डाव आजचा नव्हे, इतकी वर्षे जो सेल्फ लागत नव्हता तो याच कारणे. मग त्यांनी मागल्या रविवारांचा हिशेब मनाशी मांडिला आणि तेथे घोटाळा जाहला. त्र्यंबूनेच वायर काढली म्हणावे, तर निम्म्या रविवारी धक्का कोण मारीत होता? त्र्यंबू. स्वतः वायर काढावयाची आणि स्वतः पाठ मोडेस्तोवर लोटावयाचे, हा कोणता शत्रू? भार्गवराव पागेत उभे राहोन डोके खाजवू लागले, तो मोटारीच्या डाव्या अंगास टेकलेला खोबरेलाचा हात डोक्यास लागला आणि त्याचाही त्यांस राग त्र्यंबूचाच आला. उस्तादांस त्यांनी सांगितले, "नट आवळा आणि कोणास बोलू नका. मी पाळत ठेवतो." उस्ताद म्हणाले, "ठेवा. पण पकडाल त्याला मारू नका, तो आहे तोवर माझी मजुरी चालू आहे."

शनिवारी दुपारचे जेवण उरकोन घरात सर्वांची वामकुक्षी सुरू जाहली, तेव्हा थोरले पागेत शिरले आणि पाठीमागल्या बाजूस मोटारीवर घालावयाची ताडपत्री पडली होती तिजखाली दडले. ताडपत्रीस वर्षानुवर्षांची धूळ. एक मुंगी त्यांच्या पोटऱ्यांवर चढाई करीत होती आणि तिला हुसकावण्याची हिंमत होत नव्हती. ऐसा किती वेळ गेला न कळे, तो खालल्या अंगाचे दार किरकिरले आणि भार्गवरावांनी श्वास रोखला, आता त्र्यंबू सापडला! परंतु आली ती त्र्यंबकरावांची बायको कुमुदिनीबाई, हातात वाटी, वाटीवर झाकण. भार्गवराव चकित. तोच वरल्या अंगाचे दार उघडले आणि खुद्द त्यांच्या पत्नी सगुणाबाई आत आल्या आणि पदराआडून त्यांनी काय काढिले तर पाना! आता मात्र थोरल्यांस आपण जागे आहो की ताडपत्रीखाली झोप लागली याचाच उमज पडेना. कारण अबोला दोन्ही घरांचा, ऐसा त्यांचा आजवरचा समज. आणि येथे ह्या दोघी जावा एकमेकींस पाहोन हसत होत्या.

"अळूचं फतफतं आहे, जाऊबाई. शेंगदाणे जरा कमीच पडलेत," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"कमी कशाला पडतील, तू खाल्ले असशील निम्मे निवडताना," सगुणाबाईंनी वाटी घेतली आणि पाना पुढे केला. "घे बाई, तूच खोल. मागच्या वेळी माझ्या बांगडीचा टवका उडाला. आणि तो मुलाणी मेला आता फारच जोरानं आवळतो."

कुमुदिनीबाईंचे वडील मोटार-मेस्त्री, म्हणोन पान्याची ओळख त्यांस माहेरची. त्यांनी बॉनेट उचलले आणि सवयीच्या हाताने नट फिरवू लागल्या आणि मध्येच थांबोन म्हणाल्या, "जाऊबाई, या वेळी राहू द्यायची का? सोमवारी ते तपासायचं आहे म्हणतात. नाही लागली तर गाडीच जाईल."

"आणि लागली तर?" सगुणाबाई म्हणाल्या. "लागली तर उद्यापासून हे एकटे बसणार, किल्ली फिरवणार आणि जाणार. भावजींना बाहेर यायचं काही कारणच उरत नाही. आठवड्यातून एकदा दोघं एका जागी उभे राहतात. हे रागावलेले असोत, तोंड फिरवलेले असोत, उभे राहतात ना! तेवढंसुद्धा गेलं की मग काय राहिलं?"

"मग काय करायचं?"

"तेच तर कळत नाही गं," सगुणाबाई म्हणाल्या. "काढली तरी वाईट, ठेवली तरी वाईट."

तो ताडपत्री उठोन उभी राहिली. दोघी जावा किंचाळल्या आणि अळूची वाटी कलंडली आणि ताडपत्रीतून धुळीने माखलेले श्रीमंत भार्गवराव प्रगट जाहले. फितूर सापडला, तो आपल्याच घरातला निघाला, आणि रागावू म्हणता राग येईना. शेवटी ते म्हणाले, "इतकी वर्षं?"

"पहिल्यांदा तो खरंच बिघडला होता," सगुणाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "मग एकदा याच मुलाणीनं नीट केला, तुमच्या आजारपणात. तेव्हा हिनं काढली वायर. तेव्हापासून."

"आणि मी इतकी वर्षं ढकलतोय! कंबर गेली माझी!"

"भावजी, यांची पण गेलीय," कुमुदिनीबाई खाली पाहत म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी मी शेकते."

हे भार्गवरावांस नवीन होते. ते बॉनेटवर हात टेकोन उभे राहिले. किल्लीने लागली तर मोटार राहते आणि त्र्यंबू जातो. न लागली तर मोटार जाते आणि मोटारीपाठोपाठ त्र्यंबूही जातो. कोणीकडून मांडिले तरी त्र्यंबू जातो! आणि त्र्यंबू जाण्याचे आपणांस इतके का वाटावे, जो माणूस टायरांतली हवा काढतो आणि खोबरेल चोळतो, त्याचे? "मग आता मी काय करू?" त्यांनी बायकोस विचारिले.

"ते तुमचं तुम्ही बघा," सगुणाबाई म्हणाल्या. "आम्ही दोघींनी आजवर बघितलं."

आणि पाना त्यांच्या हातात देऊन त्या निघोन गेल्या. कुमुदिनीबाईही गेल्या. मग भार्गवरावांनी एकट्याने नट आवळिला. आवळिला आणि सैल केला आणि पुन्हा आवळिला, आणि सांजवेळेपर्यंत त्यांचा नक्की विचार काय हे नटासही कळले नसेल. परंतु सरतेशेवटी तो आवळलेला राहिला.

रविवार उजाडला. हाकण्याची पाळी थोरल्यांची. ते आत बसले. त्र्यंबकराव बाह्या सरसावोन मागे येऊन उभे राहिले, बारीक अंगाचे, कानांवर केस, चेहरा नेहमीसारखा आंबट. वरल्या दारात सगुणाबाई, खालल्या दारात कुमुदिनीबाई, दोघींनी पदर तोंडात धरलेले. त्र्यंबकरावांनी दोन्ही हात डिकीवर टेकले आणि पाय रोवला आणि "मार" शब्दाची वाट पाहू लागले. शब्द आला नाही. भार्गवरावांनी देवाचे नाव घेऊन किल्ली फिरविली आणि श्वेतांबरी लागली. जागच्या जागी, बेताने, घरच्या गायीने हंबरावे तशी. त्र्यंबकरावांच्या हातांखाली डिकी थरथरू लागली आणि त्यांनी हात झटकन काढोन घेतले. आरशात थोरल्यांस धाकट्यांचे मुख दिसत होते. त्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. काम सुटलेल्या माणसाने घरी परतताना कोणीकडे पाहावे हे न कळावे तसे ते दिसत होते. त्यांनी हात लेंग्यास पुसले आणि सरसावलेल्या बाह्या एकेक करोन खाली केल्या आणि आपल्या दाराकडे वळले.

आता बोललो नाही तर पुढे बोलणे नाही, हे भार्गवरावांस इतक्या वर्षांत प्रथमच लगेच कळले. त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढिले. काय म्हणावे? आत बसून भावाशी बोलावयाचा एकच शब्द जिभेस ठाऊक होता, तोच निघाला. "मार!" ते ओरडले.

त्र्यंबकराव थबकले आणि वळले. "आता काय मारू? चालू आहे की गाडी!"

"चालू आहे रे," भार्गवराव घाबरेघुबरे होऊन म्हणाले. "चालूच आहे. पण आता ती थांबते. बंद पडली तर पुन्हा लागते. म्हणजे... तू बस."

"मी?"

"मग काय शेजाऱ्याला बोलावतोय?"

त्र्यंबकरावांनी बायकोकडे पाहिले, तिने आकाशाकडे पाहिले. ते डाव्या अंगास आले आणि दरवाजा ओढू लागले, तो उघडेना. मग थोरल्यांनी मोठ्या कष्टाने आडवे होऊन आतून कडी काढिली आणि त्र्यंबकराव बसले. आत मेणाचा आणि खोबरेलाचा मिळोन एक वास होता. त्र्यंबकरावांनी सीटवरून हात फिरविला.

"या सीटवर मी कधी बसलोच नाही," त्र्यंबकराव एकाएकी म्हणाले.

"काहीतरीच! लहानपणापासून गाडी आपल्याकडे..."

"आबा चालवायचे तेव्हा इथं तू बसायचास, दादा. मी मागे. दर वेळी. मी रडलो तरी तू उठायचा नाहीस."

भार्गवरावांस हे आठवले. फणस नव्हे, पंच नव्हे, हे आठवले, आणि ते इतके स्पष्ट आठवले की त्यांस समोरचे दिसेना. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि सोगा भिजला. "नव्हतो उठत," ते म्हणाले. "माझं चुकलं, त्र्यंबू. आज तुझी जागा."

"कुठं जायचंय?"

"मला ठाऊक नाही. आजवर नुसते निघायचो आणि परत यायचो. कुठं थांबायचं हे कधी ठरवायलाच लागलं नाही. तू सांग."

त्र्यंबकराव विचारात पडले, आणि मोटार उतारास लागली.

सारांश लिहितो. सोमवारी वाहन-कचेरीत साहेबांसमोर श्वेतांबरी किल्लीस लागली आणि तीस पुढल्या मुदतीपर्यंत हयात ठरविण्यात आले. भिंत पाडली ऐसे कोणी सांगेल तर ते खोटे, भिंत आहे. एक अंग मेणाचे, दुसरे खोबरेलाचे, तेही तसेच आहे. हवा कोण काढतो याचा कज्जा चालूच आहे, आणि आता तो बोलून चालतो, त्यामुळे आवाज फार. आपला भाऊ आपणांस परत कसा मिळाला हे भार्गवरावांस अद्याप नीटसे उमगलेले नाही, आणि ते कोणास विचारीतही नाहीत. रविवारची स्वारी निघते ती वाटेत चारचार ठिकाणी थांबते, चहास, भजीस, कधी काहीच कारण नसता, आणि दुपारच्या जेवणास दोन्ही घरांची ताटे वाढून वाट पाहत असतात.